गाडी माझी, ओटीपी दुसऱ्याला: जुन्या मोटारसायकलीची आरसी कुठे अडते आणि कोणत्या क्रमाने सोडवायची

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्या भागात जुन्या मोटारसायकलींचे सौदे सुरू होतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला आणि त्याच रांगेत आरटीओची कामं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत जवळजवळ रोज कोणीतरी हीच तक्रार घेऊन येतं, "भाऊ, गाडी माही हाये, पण ओटीपी काही येऊन नाही राह्यला."

मग मोबाइल बंद करून चालू होतो, सिम काढून पुसलं जातं, कोणी रेंजसाठी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. ओटीपी गेलेला असतो, पण गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर. कधी शोरूमवाल्यांनी घाईत स्वतःचाच नंबर टाकून ठेवलेला असतो, तर कधी तो नंबर दहा वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो. बिघाड मोबाइलचा नसतो, गाडीच्या नोंदीचा असतो. ती नोंद कोणत्या टोकाकडून सोडवायला घ्यायची हे कळलं नाही तर माणूस तीन चकरा मारूनही तिथेच राहतो.

नेहमीचंच एक उदाहरण घ्या. पन्नाशीचा शेतकरी, हातात कृषी केंद्राची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेली आरसी आणि घडी पडून पिवळे झालेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. आपण ज्यांना टीटी फॉर्म म्हणतो तेच. फॉर्मवर विकणाऱ्याची सही होती, पण तारीख कोरी आणि घेणाऱ्याचं नावही कोरं. आरसीवर दारव्ह्याच्या एका गुरुजींचं नाव. गुरुजींनी गाडी एका किराणा दुकानदाराला विकली, त्याने आपल्या साळ्याला दिली, साळ्याकडून यांनी घेतली. गाडी तीन हात फिरली आणि टीटी फॉर्म तेच, कोरेच्या कोरे, गाडीबरोबर फिरत राहिले. सगळ्यांना वाटत होतं, सही आहे म्हणजे काम झालंच आहे.

ते झालेलं नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, ३० दोघांचा. नोंद होत नाही तोवर कायद्याच्या लेखी मालक आरसीवरचाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हे स्पष्ट करून टाकलं: गाडी विकली असली तरी नोंद बदलली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. तेव्हा गुरुजींनी गाडी सोडली असली तरी गाडीने गुरुजींना सोडलेलं नाही. विकणाऱ्याचं मन वळवताना मी हेच सांगतो. घेणाऱ्याच्या अडचणीशी त्याला फारसं देणंघेणं नसतं, पण नोटीस आपल्या घरी येईल म्हटलं की तो लगेच वेळ काढतो.

आधी नुसतं पाहा, काही भरू नका

परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की बरंच काही दिसतं: मालकाच्या नावाची अर्धवट अक्षरं, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा. या पाच गोष्टी एका कागदावर लिहून काढा. चलन बाकी आहे का ते ई-चलनाच्या पानावर वेगळं पाहा. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, तेवढी खात्री करा. व्हॉट्सॲपवर "तुमच्या गाडीचं चलन" म्हणून एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, येते ती उघडायची नाही, त्या फाइलीने बँक खाती रिकामी झालेली आहेत.

नंबर टाकून काहीच दिसत नसेल तर गाडी बहुतेक हाताने लिहिलेल्या आरसी बुकाच्या काळातली आहे आणि तिची माहिती संगणकावर चढलेलीच नाही. मग घरबसल्या काही होणार नाही. मूळ आरसी बुक घेऊन आरटीओत जायचं आणि बॅकलॉग एंट्री करून घ्यायची. त्याआधी भरलेला कोणताही ऑनलाइन अर्ज वाया जातो.

इथे आमच्या विदर्भातला एक घोटाळा सांगून ठेवतो. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून निघाला आणि गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. त्यामुळे वाशीमच्या खेड्यात आजही एमएच ३० च्या जुन्या गाड्या दिसतात आणि गोंदियाकडे एमएच ३६ च्या. माणूस अर्ज करताना आपल्या आजच्या जिल्ह्याचं कार्यालय निवडतो आणि नोंद मात्र जुन्या कार्यालयात असते. गाडी कोणत्या कार्यालयाच्या नोंदीत आहे ते आधी बघा. आपण कुठे राहतो हा नंतरचा प्रश्न.

पाटी आधी, नाव नंतर

लोक उलटं करतात. आधी गाडी नावावर करू, मग नवी नंबर प्लेट लावू, असा त्यांचा हिशोब असतो. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ही उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी नंबर प्लेट, सक्तीची आहे. महाराष्ट्रात त्याची मुदत ३१ मार्च २०२५ पासून वाढत वाढत त्या वर्षाच्या अखेरपर्यंत नेली. त्याच सुमारास परिवहन खात्याने ठरवलं की पाटी नसलेल्या गाडीचं नाव बदलणं, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं करायची नाहीत. म्हणजे नाव बदलायला गेलात की पाटी मागतात. पाटी गाडीच्या नंबराची असते, मालकाच्या नावाची नसते, त्यामुळे जुन्या मालकाच्या नावावर असतानाच ती लावून घ्या. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी.

बुकिंगला चेसिस आणि इंजिन नंबर लागतात, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आरसीवरचा आकडा पुसट, लॅमिनेशनमध्ये पाणी शिरलेलं. मग गाडीवरच वाचावा लागतो. चेसिस नंबर हँडलच्या खालच्या मानेवर कोरलेला असतो. आमच्याकडे त्याच्यावर काळ्या मातीचा थर, त्यावर फवारणीच्या औषधाचे शिंतोडे, त्यावर दर पोळ्याला लावलेला ऑइलपेंट. चाकूने खरवडू नका. आकडे खराब झाले तर तपासणीत नवाच प्रश्न उभा राहतो. चिंधीवर थोडं रॉकेल किंवा पेट्रोल घ्या, पाच मिनिटं भिजू द्या, जुन्या टूथब्रशने घासा. मग पांढरा कागद त्यावर दाबून धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. आकडे उमटतात. हा पेन्सिल छाप पुढे टीटी फॉर्मलाही लागतो, म्हणून एकाच वेळी दोन-तीन काढून ठेवा. आठ की बी, शून्य की ओ, एक की आय, ही गल्लत मी स्वतः इतक्या वेळा केली आहे की आता आकडा दोघांनी वाचल्याशिवाय टाकत नाही.

मोबाइल नंबर आणि नावाची अक्षरं

मोबाइल बदलण्याची सोय ऑनलाइन आहे, पण ती नोंदणीकृत मालकासाठी, त्याच्या आधारच्या आधाराने. म्हणून गुरुजींचा जुना नंबर काढून तिथे आपला टाकायचा नाही, आधी गुरुजींचाच चालू नंबर टाकून घ्यायचा. नाव बदलण्याच्या अर्जात विकणाऱ्यालाही ओटीपी जातो. आपलाच नंबर दोन्हीकडे टाकून मोकळं व्हायचा सल्ला चौकाचौकात मिळतो. पुढे वाद झाला तर तोच नंबर तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल.

आधार जुळत नाही असा निरोप आला तर नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. आरसीवर आडनाव पुढे आणि वडलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर सगळं पूर्ण. शोरूममध्ये ज्याने टाइप केलं त्याने "राव" कुठे जोडला, कुठे सोडला. अशा वेळी तोच अर्ज पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. मूळ कागद घेऊन कार्यालयात जाऊनच ते दुरुस्त होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याआधी तालुक्याला आरटीओचं शिबिर कधी आहे ते विचारा. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. एका सहीसाठी त्याचा दिवस आणि मजुरी दोन्ही जातात, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसराही दिवस जातो.

बोजा फिटला, पण आरसीवरून उतरला नाही

हप्ते संपले की लोक समजतात कर्ज संपलं. बँकेच्या वहीत ते संपतं, आरसीवर राहतं. फायनान्स कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ सहीशिक्क्याने घ्यायचा आणि आरटीओत बोजा उतरवून घ्यायचा. पत्र आणून कपाटात ठेवू नका. ते जुनं झालं की नवीन आणायला लावतात.

कर्ज गावच्या एखाद्या पतसंस्थेचं असेल आणि ती बुडाली असेल तर खरी पंचाईत. दाराला कुलूप, फळ्यावर अजून ठेवीचे दर लिहिलेले. सहकारी संस्था असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करा. अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेचा कारभार आवरणारा अधिकारी, नेमलेला असला तर कर्ज बाकी नसल्याचं पत्र देण्याचा अधिकार त्याचा असतो. माझ्याकडच्या एका प्रकरणात त्या पत्रासाठी आठ महिने गेले, आणि जुन्या पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून तरी मिळालं.

मालक वारला असेल तर

गाडी वडलांच्या नावावर, वडील जाऊन चार वर्षं झालेली, आणि पोरगा टीटी फॉर्म मागतो. वडलांची सही कोण करणार? काही जण करतातही, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि काम नाकारतो. इथे फॉर्म ३१ लागतो. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, दंड भरून होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचा कागद आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. भाऊबंदकीत ही संमतीच अडते. पंधरा हजारांच्या गाडीसाठी बहिणीला सही मागायला जायचं आणि तिथे वावराच्या हिश्श्याचा विषय निघायचा, असं दोनदा तरी माझ्या बाकड्यावर बसून झालेलं आहे.

२०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव टाकायची सोय आहे. नाव बदलत असाल तर त्याच वेळी टाकून घ्या.

विमा आणि पंधरा वर्षं

सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या दुचाकींना सुरुवातीलाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला. त्यामुळे लोकांची दरवर्षी विमा काढायची सवयच मोडली. २०१९ च्या गाडीचा विमा २०२४ ला संपला हे कोणाच्या लक्षातही नाही. विमा संपलेल्या गाडीचं नाव बदलत नाही, आणि रस्त्यात सापडलात तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडलात तर ४,००० दंड. पीयूसी पण ताजी करून घ्या.

नोंदणीची पंधरा वर्षं संपली असतील तर आधी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५ आणि गाडी प्रत्यक्ष दाखवणं. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो आणि झालं की पाच वर्षं मिळतात. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीची फी १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० केली. उशिराला महिन्याला ३०० रुपये वेगळे, वर पर्यावरण कर. वावरात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा हिशोब करून बघा. बरेचदा फी गाडीच्या किमतीला टेकते, आणि मग नोंदणी रद्द करून भंगारात देणं स्वस्त पडतं. हे कोणाला ऐकायला आवडत नाही, विशेषतः लग्नात मिळालेली गाडी असेल तर.

मग पैसे नेमके कशाचे?

"नावावर करायला पुन्हा टॅक्स लागते ना?" हा प्रश्न रोजचा, आणि व्यवहार कोरा ठेवण्याचं निम्मं कारण या गैरसमजात आहे. आरटीओच्या पावतीत दोन वेगळे पैसे असतात. कर राज्याचा, १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याखाली, आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. फीचे दर मात्र केंद्राच्या नियमांनी ठरतात, गोळा राज्याचं खातं करतं. खाजगी दुचाकीचा कर नवी घेतानाच एकरकमी भरलेला असतो. ९९ ते २९९ सीसीच्या गाडीला ११ टक्के, म्हणजे ९०,००० च्या गाडीवर ९,९०० रुपये. तो पहिल्या मालकाने भरला. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला राज्यातल्या राज्यात पुन्हा भरायचा नाही. दुचाकी नावावर करायची फी १५० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २००. बाकीचे जे हजार-दोन हजार जातात ते चकरांचे, दलालाचे आणि माझ्यासारख्यांचे. मी माझे शंभर रुपये घेतो, ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

परराज्यातली गाडी असेल तर हा हिशोब लागू नाही. पांढरकवड्याच्या पुढे आदिलाबाद लागतं. तिकडून "स्वस्तात" आणलेल्या तेलंगणाच्या गाड्या आमच्याकडे भरपूर. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या कार्यालयाचं फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र आणि इथला कर. घेताना पाच हजार वाचवले आणि मग दोन वर्षं ते पत्र आणायला कोणी जात नाही, कारण विकणारा तिकडे सापडत नाही.

विकणाराच सापडत नसेल तर इकडेही वाट लांब आहे. मधल्या हातांना मोजायचं नाही. आरसीवरचा माणूस आणि आज गाडी ज्याच्याकडे आहे तो, एवढे दोघंच कागदावर लागतात. आधी पोलिसांच्या नोंदीत गाडी चोरीची नाही ना ते तपासा, मग हाती जे कागद आहेत ते घेऊन आरटीओच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. निर्णय त्याचा. खोट्या सह्यांचा "शॉर्टकट" सांगणारे चहाच्या टपरीवर भेटतील, त्यांना चहा पाजून परत या.

त्या पिशवीवाल्या शेतकऱ्याचे गुरुजी सापडले. निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला होते. फोनवर आधी चिडले, "ती गाडी मी कधीच विकली." मग त्यांच्याच नावावरचं एक हेल्मेटचं चलन वाचून दाखवलं. ते गप्प झाले आणि दिवाळीला गावी आले तेव्हा दुकानात येऊन आपला नंबर टाकून दिला. पाटी तोवर लागली होती, विमा काढला होता. दोघांच्या मोबाइलवर ओटीपी आले तेव्हा शेतकऱ्याने स्वतःचा मोबाइल मला न देता आकडे मोठ्याने वाचले, शाळेत पाढे म्हणतात तसे. पुढे काही आठवड्यांनी पोस्टाने कार्ड आलं.

उन्हाळ्यात तो पुन्हा आला. सोबत भाचा. गाडी भाच्याला द्यायची होती. "ते दोन फॉर्म देजा भाऊ, सही करून ठेवतो, नावाचं पाहू मग." मी फॉर्म दिले नाहीत. भाच्याला म्हटलं, आधार काढ, आणि संगणक सुरू केला.